‘नाही आवडलं’ म्हणणारं मूल

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. धडा किंवा कविता वाचून तुम्हाला काय वाटलं ते तुमच्या शब्दांत लिहा, एवढीच त्यात मागणी. जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेलात, तर या प्रश्नाची तयार उत्तरं छापलेली गाइडं दुकानांच्या दारातच रचून ठेवलेली दिसतात. आमच्या वाचनालयात येणारी दहावीतली एक मुलगी मध्यंतरी तीच उत्तरं पाठ करत बसली होती. मी विचारलं, ‘‘हे तुझं मत आहे का गं?’’ ती म्हणाली, ‘‘माझं नाही मावशी, पण पेपरात हेच लिहायचं. याला मार्क मिळतात.’’ मला तिचा राग आला नाही. इतकी वर्षं शाळेत जाऊन तिला जे कळलं, ते तिनं सरळ सांगितलं. पण पालकहो, तेव्हापासून तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं माझ्या मनात आहे.

मंडईच्या मागच्या अंगाला, शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, तळमजल्यावरच्या खोलीत आमचं मुलांचं वाचनालय आहे. शनिवारी-रविवारी तुम्ही भाजी घ्यायला येता आणि तेवढा वेळ मुलांना आमच्याकडे सोडता. परत येताना हातात पिशव्या असतात आणि तोंडी नेहमीचे प्रश्न. ‘‘याला वाचायला काय द्यावं?’’ ‘‘मराठी पुस्तकाला हात लावत नाही, काय करू?’’ ‘‘टीव्ही आणि मोबाइल कमी कसा होईल?’’ या प्रश्नांमागची तुमची काळजी मला कळते. पण मुलानं जे वाचलं, जे पाहिलं, ज्याला ते खदखदून हसलं, त्याबद्दल त्याला काय वाटतं हे विचारणारे आईबाबा मला फार थोडे भेटले आहेत. यादी सगळ्यांना हवी असते. मुलाचं मत फारसं कुणी मागत नाही.

मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, की मूल काय वाचतं-बघतं याच्याइतकंच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष, त्याला त्याबद्दल स्वतःचं काही म्हणता येतं का याकडे द्या. ते म्हणणं तुमच्या आवडीच्या विरुद्ध गेलं, तरी ते पुरतं ऐकून घ्या.

मंडईत हे शिक्षण मुलांना रोज मिळू शकतं. वांग्याचा देठ बघायचा, भेंडी कोवळी आहे का ते चाचपायचं, मेथीची जुडी उलटीपालटी करायची, पटली नाही तर खाली ठेवून पुढच्या गाळ्यावर जायचं. गाळ्यावरच्या मावशीच म्हणतात, ‘‘बघून घ्या, ताई.’’ पुस्तक, मालिका, नाटक यांच्या बाबतीत मात्र आपणच निवडलेलं आपण मुलाच्या पिशवीत टाकतो आणि वर त्यानं ते गोड मानून घ्यावं अशी अपेक्षा करतो.

मुलांना या मंडईच्या इमारतीची गोष्ट जरूर सांगा. १८८६ मध्ये ती उभी राहिली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून. मंडईवर एवढा पैसा घालायला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. ते नगरपालिकेचे सभासद होते आणि हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये मंजूर करण्याचा विषय निघाला, तेव्हाही ३२ सभासदांत विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच होते. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. जिच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिच्यावरच आज त्यांचं नाव आहे.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा खोलीत हमखास वाद होतो. चौथीतल्या एका मुलानं विचारलं होतं, ‘‘मग फुले हरले का जिंकले?’’ दुसरा म्हणाला, ‘‘मंडई झाली म्हणजे हरले.’’ एक मुलगी म्हणाली, ‘‘पण नाव त्यांचं आहे ना!’’ तिसऱ्याला ते नाव देणंच चुकीचं वाटलं, कारण ‘‘त्यांना नकोच होती ना ती.’’ मी मध्ये बोलले नाही. एकटं पडूनही मत मांडता येतं, आणि कधी कधी पुढची पिढी ते मत उचलून धरते, हे त्या मुलांना कुणी पाठ करून दिलं नव्हतं.

आता पुस्तकांकडे येते. सातवीतला एक मुलगा ‘श्यामची आई’ परत करताना म्हणाला, ‘‘मला नाही आवडली. ती मारते.’’ सोबत त्याचे बाबा होते. ते कानकोंडे झाले आणि म्हणाले, ‘‘असं बोलतात का? साने गुरुजींचं पुस्तक आहे ते!’’ मुलगा गप्प झाला. बाबांची भावना मला समजते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपल्या कित्येक घरांत देवघराशेजारी राहिलेलं आहे. पण मुलानं नुसतं ‘बोअर आहे’ म्हटलं नव्हतं. त्यानं कारण दिलं होतं. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, तो प्रसंग त्याला खुपला होता. आजच्या शाळेत ‘मारायचं नाही’ हे ऐकत वाढलेल्या मुलाला तो खुपणारच. मी त्याला एवढंच म्हटलं, की श्यामच्या पाठीवरचे वळ बघून नंतर त्या आईला काय होतं, ते पुन्हा एकदा वाच आणि मला सांग. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, ‘‘वाचलं. तिला वाईट वाटतं. पण तरी मारायला नको होतं.’’ हे वाचन किती बारकाईचं आहे बघा. आई प्रेमळ आहे हे त्याला पटलं, तिचं मारणं पटलं नाही, आणि ही दोन्ही मतं त्यानं शेजारी-शेजारी ठेवली. एखाद्या मुलाला आवडलं नाही म्हणून ‘श्यामची आई’चं काही कमी होत नाही. पण पुस्तकाच्या मोठेपणाचा धाक घालून मुलाला गप्प केलं, तर ते पुढच्या वेळी तुम्हाला ऐकायचं असतं तेच बोलतं.

याच पुस्तकावरचा अत्र्यांचा चित्रपट १९५३ मध्ये आला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यात श्याम झालेले माधव वझे पुढे याच पुण्यात नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले. पडद्यावर आईचं ऐकणारा श्याम मोठा होऊन नाटकांबद्दल परखड मतं लिहायला लागला, हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात.

‘फास्टर फेणे’बद्दलही एक विनंती आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे तुमच्या लहानपणाचा मित्र आहे, हे मला ठाऊक आहे. भा. रा. भागवतांनी त्याला सायकलवर बसवून पुण्यात इतकं फिरवलं, की शहराचे रस्तेसुद्धा त्याच्यामुळे जवळचे वाटायला लागले. तुमच्या मुलालाही तो आवडला तर उत्तमच. नाही आवडला, तर ‘‘आम्ही यावरच वाढलो’’ असं म्हणून त्याला अपराधी वाटायला लावू नका. तुमच्या बालपणाचं ऋण त्यानं त्याच्या आवडीनं का फेडायचं? पुस्तक अर्धवट सोडायची मुभा त्याला असू द्या. एकच पुस्तक दहादा वाचायचीही असू द्या.

चिं. वि. जोशींचा चिमणराव मात्र मुलांच्या हातात नुसता देऊन चालत नाही, असा माझा अनुभव आहे. १८९२ मध्ये जन्मलेल्या या लेखकाची भाषा आजच्या मुलाला पहिल्या पानावर अडते. पण घरातल्या कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं, की तीच मुलं गडाबडा लोळतात. चिमणराव स्वतःच्या फजितीची हकिकत स्वतः सांगतो, त्यामुळे तो आवाजातूनच नीट पोचतो. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. वाचता-वाचता थांबून ते जुन्या वाड्याबद्दल, नळावरच्या भांडणांबद्दल, लग्नातल्या मानपानाबद्दल सांगतील. कुठल्याही छापील टिपेपेक्षा मुलाला त्याचा जास्त उपयोग होतो.

चिमणरावामुळे टीव्हीचा विषय आलाच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि त्याच दशकात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ घराघरात आले. आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी होता. सगळा वाडा त्या खोलीत जमायचा, मुलं पुढे जमिनीवर, बायका मागे, आजोबा खुर्चीत. मालिका चालू असतानाच मतं सुरू व्हायची. एका आजोबांचं ठाम म्हणणं होतं, की पुस्तकातला गुंड्याभाऊ आणखी दांडगा आहे. आजीला मालिकेतलाच पसंत होता. आम्ही मुलं मध्येच काहीतरी बोलायचो आणि कुणीतरी ‘‘श्शू’’ करायचं, पण मालिका संपल्यावर आमचंही ऐकून घेतलं जायचं. पुस्तक आणि मालिका यांची तुलना करायला मी तिथे शिकले. तेव्हा त्याला कुणी अभ्यास म्हणत नव्हतं.

आज तुमच्या घरी टीव्ही आहे, शिवाय प्रत्येकाचा मोबाइल आहे, आणि मूल एकटंच कानात बोंडं घालून बघत बसतं. ते काय बघतं याची भीती तुम्हाला वाटते. मला त्याहून वेगळी भीती वाटते. त्या मोबाइलला मुलाचं मत फारसं कळत नाही. मूल किती वेळ थांबलं, हे त्याला जास्त कळतं. एखादा व्हिडिओ मुलानं किळस येऊन, घाबरून किंवा नुसत्या आश्चर्यानं शेवटपर्यंत पाहिला, तरी यंत्राच्या लेखी तो त्याला आवडला, आणि तसलेच आणखी दहा त्याच्यासमोर येतात. ‘मी हे पाहिलं, पण मला हे का आवडलं नाही’ हे सांगण्याची सोय तिथे जवळजवळ नाही. ती तुमच्या घरातच करावी लागेल. म्हणून आठवड्यातून एखादा कार्यक्रम तरी सगळ्यांनी एकत्र बघा. तो तुमच्या आवडीचाच हवा असं नाही. मुलाच्या आवडीचा बघा, शेवटपर्यंत बसा, आणि मग त्याला विचारा. पाच मिनिटं बघून ‘‘काय हे फालतू’’ म्हणत उठून गेलात, तर तुम्ही मत दिलं नाही, फक्त शिक्का मारला. मुलं ते बरोबर ओळखतात.

सगळ्यात जास्त जीव माझा तुटतो तो विनोदाच्या बाबतीत. पाचवीतली एक मुलगी आहे, हुशार, अंगानं थोडी भरलेली. तिच्या घरी रात्री जेवताना टीव्हीवर कुठला ना कुठला विनोदी कार्यक्रम असतो. एके दिवशी पुस्तकं लावायला मदत करता-करता ती मला म्हणाली, ‘‘मावशी, त्यात एक जाडी बाई येते. ती आली की सगळे हसतात. मग मीपण हसते. पण मला हसू येत नसतं.’’ मी विचारलं, ‘‘घरी सांगितलंस?’’ ‘‘बाबांना सांगितलं. ते म्हणाले, अगं, गंमत असते ती.’’

तिचे बाबा प्रेमळ आहेत. मुलीसाठी रात्री उशिरा दुकान बंद करून पुस्तकं बदलायला येतात. पण त्या एका वाक्यानं मुलीचं मत जिथल्या तिथे राहिलं. विनोदाबद्दल इतकी खरी समीक्षा मी मोठ्यांच्या तोंडून क्वचित ऐकली आहे, आणि ती दहा वर्षांच्या मुलीनं केली होती. बाबांनी टीव्ही बंद करायची गरज नव्हती. त्यांनी फक्त विचारायला हवं होतं, ‘‘का गं, तुला का नाही हसू आलं?’’

आपल्याकडे विनोदाची केवढी मोठी परंपरा आहे. आजही टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत काम करणारे कित्येक नट एकांकिका करत, छोट्या गावांतून धडपडत वर आलेले आहेत. त्यांच्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मुलासोबत बसून एक गोष्ट तपासायची सवय लावून घ्या: हसू नेमकं कशावर आलं? काळ्या रंगावर? जाडीवर? तोतरं बोलण्यावर? गावाकडच्या हेलावर? पुरुषानं साडी नेसली एवढ्यावर? बालगंधर्वांनी याच महाराष्ट्रात वर्षानुवर्षं स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या साड्या, त्यांचं गजरे माळणं बघून घरच्या बायका तसं करायच्या. पुरुषाच्या अंगावरच्या साडीला तेव्हाचा प्रेक्षक दाद देत होता. म्हणजे साडी नेसलेला पुरुष दिसला की हसायचंच असतं, असा काही नियम नाही. ती सवय आपल्याला लागली आहे आणि ती मोडताही येते.

१९३३ मध्ये आलेलं अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ घ्या. त्यात रावबहादुरांना सूर्यनमस्कारांचं वेड आहे, घरात बाकीच्यांनाही कसलं ना कसलं वेड आहे, आणि सगळं हसू त्या वेडांवर आहे. वेड माणसाला सोडता येतं. रंग आणि बांधा सोडता येत नाही. मुलांना हा फरक मी एकदा समजावला, आणि मग ती स्वतःच उदाहरणं शोधायला लागली. एकानं एका लोकप्रिय रीलचं नाव घेऊन सांगितलं, की त्यात गावाकडच्या मुलाच्या बोलण्याला हसतात आणि त्याची मावसभावंडं तशीच बोलतात. तेव्हा मला लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवलं. एकट्या माणसानं ५२ पात्रं उभी केली, मराठवाड्याची बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसमोर ठेवली, आणि ती बोली बोलणाऱ्याची मान खाली गेली नाही. त्याचं ध्वनिमुद्रण त्या मुलाला ऐकवा, असं मी त्याच्या आईला सांगितलं. बोलीवर हसणं आणि बोलीतलं हसणं, यातलं अंतर त्याला कानांनी कळेल.

टीका हसत-हसतही करता येते, हे मोठ्या मुलांना आवर्जून सांगावं. अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’मधून त्या काळच्या कवितेतल्या लकबींची विडंबनं केली. कवीची लकब इतकी हुबेहूब पकडायची तर त्याच्या कविता जीव लावून वाचाव्याच लागतात. हाच माणूस शाळेचा मुख्याध्यापक होता आणि त्यानं मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ही केली. ज्याला मुलांची पुस्तकं मनापासून करावीशी वाटतात, त्यालाच खोटं साहित्य झोंबतं. तुमचा मुलगा शाळेच्या गीताचं किंवा जाहिरातीचं विडंबन करत असेल, तर लगेच दटावू नका. आधी ते ऐका. त्यात कुणाचा अपमान असेल तर तो दाखवून द्या. नसेल तर हसा.

नाटकाबद्दल तुमच्याकडून नेहमी ऐकते, ‘‘दोन-अडीच तास मुलं बसणार नाहीत.’’ बसतात. नाटक त्यांच्याशी बोललं, की बसतात. १९८६ मध्ये पुण्यात थिएटर अकॅडमीनं बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीवरून स्फूर्ती घेऊन ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ केलं. त्यात परी नव्हती, राक्षस नव्हता. मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करत होती, बोबडं न बोलता, आणि चुकत होते ते मोठे. मुलांना नाटकात प्रश्न विचारलेले दिसले, आणि घरी येऊन त्यांनी तेच प्रश्न आईबाबांना विचारले. काही पालकांना ते आवडलं नाही. मला वाटतं, त्या नाटकाचं यश तिथेच होतं.

परी-राक्षसही मला प्रिय आहेत, हे सांगून टाकते. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ अनेक वर्षांनी २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा आजोबा नातवंडांना घेऊन गेले. जुन्या प्रयोगांतली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. ज्या नटाचा चिमणराव आम्ही वाड्यात जमिनीवर बसून पाहिला, त्याचीच चेटकीण कुणाला आठवत होती. नव्या प्रयोगाला मुलं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, नटाला सावध करत होती. काही पालक त्यांना खाली बसवत होते. बसवू नका. ती मुलं नाटकात सामील झालेली असतात.

नाटकाचा हाच गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. प्रेक्षागृहातली चुळबुळ नटाला ऐकू जाते. हशा कुठे आला आणि कुठे आला नाही, हे त्याला त्याच क्षणी कळतं, आणि उद्याच्या प्रयोगात तो काहीतरी बदलतो. तुमच्या मुलाचं मत ते नाटक करणाऱ्यापर्यंत तिथल्या तिथे पोचतं. मोबाइलवर हे कधी होणार नाही.

आणि हे आपल्या दारातच घडत आलेलं आहे. मंडईतून चालत जाता येईल इतक्या जवळ, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. त्या दिवशी पहिले चारच अंक झाले होते. पुरं नाटक नंतर आलं. मंडईला लागून १९१५ मध्ये आर्यन हे सिनेमागृह सुरू झालं आणि १९२० मध्ये बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ तिथे लागली. आज तुम्ही ‘‘आर्यनला गाडी लावतो’’ किंवा ‘‘मिनर्व्हाला जागा आहे का बघ’’ म्हणता, तेव्हा गाडीत बसलेल्या मुलाला ती नुसती वाहनतळांची नावं वाटतात. ती दोन थिएटरं होती, हे त्याला सांगायला वाहनतळाच्या रांगेत भरपूर वेळ मिळतो. आता भुयारी मेट्रोही मंडईत येते, त्यामुळे लांबून येणाऱ्यांनाही गाडीची कटकट राहिलेली नाही.

मुलं आठवी-नववीत गेली, की भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका दाखवायला न्या. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे. कॉलेजची मुलं स्वतः लिहितात, बसवतात, आणि प्रेक्षागृहात ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्या उठतात. २०२२ मध्ये परीक्षकांनी तो करंडक कुठल्याच एकांकिकेला द्यायचा नाही, असं ठरवलं. केवढा वाद झाला! काहींना वाटलं, परीक्षकांनी मुलांचं मन मोडलं. काहींना वाटलं, दर्जाबद्दल खरं बोलायचं धैर्य कुणीतरी दाखवलं. मला विचाराल, तर परीक्षकांना तो अधिकार होता, पण त्यानंतर प्रत्येक संघाबरोबर बसून सविस्तर बोलणं व्हायला हवं होतं. ‘नाही आवडलं’च्या पुढे ‘का’ हे आलंच पाहिजे, मग ते परीक्षकाचं असो, नाहीतर तुमच्या मुलाचं.

नाटकाहून परतताना एवढं करा. ‘‘यातून काय शिकलास?’’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला मुलांकडे तयार उत्तर असतं आणि ते गाइडातल्यासारखंच असतं. कुठे कंटाळा आला, कुठला प्रसंग पुन्हा बघावासा वाटला, कोण खोटं वाटलं, हे विचारा. आणि त्यानं विचारलं तर तुमचंही मत सांगा, राखून नको, पुरतं सांगा. ‘‘तुझं बरोबर आहे बाळा’’ असं उगाच म्हणू नका. मुलाला मान द्यायचा तर त्याच्याशी खराखुरा वाद घालावा लागतो. तुमच्या घरी आजोबा असतील, तर ते या कामात तुमच्यापेक्षा पटाईत असतील.

आमच्या वाचनालयाच्या नोंदवहीत पुस्तकाच्या नावापुढे मुलांच्या शेऱ्यासाठी एक रकाना आहे. त्यात मुलं काहीही लिहितात. ‘मधलं बोअर, शेवट भारी.’ ‘कुत्रा मेला म्हणून मी पुढे वाचलं नाही.’ ‘लेखकाला मुली माहीत नाहीत.’ तुमच्यापैकी काही जण हे वाचून मुलांना सांगतात, की जरा नीट लिही, शुद्ध लिही, चांगलं लिही. कृपा करून सांगू नका. शुद्धलेखनाला शाळा आहे. यंदा त्याच रकान्याशेजारी तुमच्यासाठी एक आखला आहे. मुलानं नेलेलं पुस्तक तुम्ही वाचा आणि त्याच्या शेऱ्याशेजारी तुमचा शेरा लिहा. दोघांचं जुळलं नाही, तर दोन्ही तसेच राहू द्या. मुलं आधी तो रकाना बघतात, आणि ‘‘माझ्या बाबांचा रिकामा का?’’ असं दोघा-तिघांनी मला विचारलंही आहे.